अंतर्गत युनियन की मोठ्या संघटनेचा झेंडा? अन्नप्रक्रिया कारखान्यातल्या कामगारांसाठी

फळांचा गर, फ्रोजन भाज्या, दूध, बिस्किटं, मासळी, मसाले. यातल्या कुठल्याही कारखान्यात युनियन करायची हे एकदा ठरलं की खरा वाद सुरू होतो तो ‘कुणाची’ यावर. आपल्याच माणसांची अंतर्गत युनियन काढायची, की एखाद्या केंद्रीय, म्हणजे देशपातळीवरच्या, संघटनेशी जोडून घ्यायचं? मी दोन्हींत काम केलं आहे. आधीच्या कारखान्यात अंतर्गत युनियन होती आणि मी तिच्या कमिटीत होतो. सध्याच्या कारखान्यात निवड करायची वेळ आली तेव्हा माझा हात बाहेरच्या संघटनेसाठी वर गेला. का गेला ते सांगतो, पण आधी अंतर्गत युनियनला तिचं श्रेय द्यायला हवं.

नोंदणी कशी होते, पावतीपुस्तक कसं ठेवायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. साखर कारखान्यातले असाल तर हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही. तिथे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रातिनिधिक संघाची, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्या एकाच युनियनची, पद्धत रुजली आणि पगारवाढ राज्यपातळीवरच्या त्रिपक्षीय (कामगार, मालक, सरकार) समितीतून ठरत आली. बाकीच्या अन्नप्रक्रियेत तसं काही नाही. ज्याचा त्याचा कारखाना, ज्याचा त्याचा करार. म्हणून ही निवड जड जाते.

मागणीपत्र कुणाचं चांगलं

इथे अंतर्गत युनियन सरस आहे, आणि थोडीथोडकी नाही. आमच्याकडे आत जायचं म्हणजे गमबूट, एप्रन, टोपी, मास्क, साबणाने कोपरापर्यंत हात, मग क्लोरीनच्या पाण्यात बूट बुडवून आत. पंचिंगचं यंत्र चेंजिंग रूमच्या पलीकडे बसवलं असेल तर हा सगळा वेळ कामगाराचा जातो, अलीकडे असेल तर कंपनीचा. यंत्र भिंतीच्या कुठल्या बाजूला हवं हे सुचायला रोज त्या भिंतीपाशी रांगेत उभं राहावं लागतं. आमच्या अंतर्गत कमिटीने ते यंत्र अलीकडे आणून घेतलं. एक रुपया पगारवाढ न मागता मिळालेली ती पगारवाढच होती.

दुसरी गोष्ट बाथरूमची. एकदा जाऊन यायचं तर अंगावरचं सगळं उतरवायचं आणि परत चढवायचं. त्यामुळे ग्रेडिंगच्या, म्हणजे माल निवडणाऱ्या, बायका शिफ्टभर पाणीच पीत नसत. उन्हाळ्याच्या दिवसांत, पल्परच्या (गर काढायच्या यंत्राच्या) वाफेत, आठ तास पाण्यावाचून. मागणीपत्रात ‘दर दोन तासांनी पाळीपाळीने विश्रांती’ हा मुद्दा घातला तो ग्रेडिंगवरच्याच एका ताईंनी, आणि कंपनीच्या लोकांसमोर बोलल्याही त्याच. खोलीतल्या एकाही पुरुषाला तो मुद्दा तसा मांडता आला नसता.

बाहेरच्या संघटनेचा अनुभव इथे उलटा. आमचं पहिलं मागणीपत्र त्यांच्या ऑफिसातून टाइप होऊन आलं तेव्हा ते उघडच एखाद्या इंजिनिअरिंग कंपनीचं होतं. त्यात गॉगल होता, सेफ्टी शूज होते. उणे १८ अंशांच्या कोल्ड स्टोअरमध्ये घालायच्या जॅकेटचा उल्लेख नव्हता. दिवसभर ओल्या हातांनी काम करून बोटांच्या बेचक्यांत कातडी जाते, त्याचाही नव्हता. आम्ही बसून दुरुस्त केलं, त्यांनी ते मान्यही केलं. पण दुरुस्त आम्हाला करावं लागलं हे खरं.

पैसे

अंतर्गत युनियनची वर्गणी कमी आणि हिशेब डोळ्यांसमोर. बाहेरची संघटना वर्गणी जास्त घेते, शिवाय करार झाला की फरकाच्या रकमेतून (पगारवाढीच्या थकबाकीतून) देणगी कापून घ्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. देणगी किती ते आधीच लेखी ठरवून घ्या. या मुद्द्यावर मी एवढंच म्हणेन की वकील कुणाकडे आहे तेही विचारा, कारण वर्गणीतला फरक तिथे खर्च होतो.

भीती कुणाची वाटते

बाहेरचा नेता म्हटलं की जुन्या माणसांना अजूनही १८ जानेवारी १९८२ आठवतो. त्या दिवशी मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि हजारो घरं त्यातून पुन्हा उभी राहिली नाहीत. ही भीती खोटी नाही, मी कुणाला त्यावरून हसणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. युनियनच्या पदाधिकाऱ्यांत बाहेरची माणसं एकूण संख्येच्या एक तृतीयांश किंवा ५, यांपैकी जे कमी असेल तेवढीच बसू शकतात. बाकी सगळे आपलेच. आणि महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यता कायद्यानुसार जिथे मान्यताप्राप्त (मालकाशी बोलणी करायचा हक्क मिळालेली) युनियन आहे, तिथे संपाची नोटीस देण्याआधी सभासदांच्या बहुमताचा कौल घ्यावा लागतो. तो न घेता केलेला संप बेकायदेशीर ठरतो. एका माणसाच्या शब्दावर गेट बंद होईल अशी सोय कायद्याने ठेवलेली नाही.

अंतर्गत म्हणजे स्वच्छ, असंही नाही. मॅनेजमेंटने आपल्या मर्जीतल्या चार जणांकडून काढून घेतलेल्या युनियनही ‘अंतर्गत’च असतात. मालकाने युनियन उभी करण्यात रस घेणं, तिला पैसा किंवा पाठबळ देणं ही याच कायद्यात अनुचित प्रथा, म्हणजे मनाई असलेली वागणूक, मानली आहे, आणि अर्ज कामगारांच्या नव्हे तर मालकाच्या हितासाठी आहे असं दिसलं तर औद्योगिक न्यायालय मान्यता नाकारतं. आमची अंतर्गत युनियन मात्र तशी नव्हती. प्रामाणिक माणसं होती. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

रिलीव्हर

माझं मत ज्याने फिरवलं ते हे.

लाइन चालू असताना जागा सोडायची तर तिथे दुसरा माणूस उभा करावा लागतो. लेथवरचा कामगार मशीन बंद करून दहा मिनिटं जाऊन येऊ शकतो. लोखंड उद्याही लोखंडच असतं. आमच्याकडे पाश्चरायझरमधला गर थांबला तर बॅच हातची जाते. रिटॉर्टवरचा (बंद डबे दाबाखाली तापवायच्या भांड्यावरचा) माणूस वेळेवर व्हॉल्व्हपाशी नसेल तर आतले सगळे डबे बाद. म्हणून रिलीव्हर लागतो, आणि रिलीव्हर देतो सुपरवायझर. यात गैर काही नाही, कामाचा स्वभावच तसा. पण अंतर्गत युनियनमध्ये कमिटीवाला स्वतः लाइनवर असतो. तक्रार असते बहुतेक वेळा सुपरवायझरचीच. आणि तक्रार ऐकायला कमिटीवाल्याने यायचं, तर त्याला सोडायचं की नाही हे ठरवणारही तोच सुपरवायझर.

एक प्रसंग सांगतो. पॅकिंगच्या एका बाईंच्या बोटाला कापलं. अन्नसुरक्षा नियमांच्या अनुसूची ४ प्रमाणे उघडी जखम असलेल्या माणसाने अन्न हाताळायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. तो डबा कुणाच्या तरी घरी जाणार असतो. प्रश्न त्या दिवसाच्या पगाराचा. सुपरवायझर म्हणाला, घरी जा. बाईंचं म्हणणं, मला लेबलिंगला बसवा, तिथे बंद डबेच येतात. वाजवी मागणी होती. त्यांनी माझं नाव घेतलं. मी फिलिंगला होतो, आंब्याचा सीझन, तिन्ही शिफ्ट भरून चाललेल्या. मी रिलीव्हर मागितला. “देतो,” म्हणाला. थोड्या वेळाने परत मागितला. “माणूस येतोय.” माणूस आला तेव्हा बाई बॅग घेऊन निघून गेल्या होत्या आणि हजेरीवर अर्धा दिवस लागला होता. दुसऱ्या दिवशी मी एचआरकडे गेलो. तिथे चर्चा झाली ती कालच्या गोष्टीची, आणि कालची गोष्ट मिटवायची कुणालाच घाई नसते.

यात मला नकार कुणीच दिला नाही. कुणी दमदाटी केली नाही. सूडाने बदली केली असती तर अनुचित प्रथेची तक्रार करता आली असती. उशिरा मिळालेल्या रिलीव्हरबद्दल तक्रार कुठल्या कलमाखाली करायची? बरं, कायद्यात सवलत आहे, नाही असं नाही: मान्यताप्राप्त युनियनने लेखी नेमलेले दोन सभासद युनियनतर्फे सुनावणीला गेले तर त्या दिवशी ते कामावर होते असं धरतात. पण ती सुनावणीच्या दिवसापुरती. रोजच्या, शिफ्टमधल्या, तासाभरात शिळ्या होणाऱ्या तक्रारीसाठी नाही.

आणि या धंद्यात बहुतेक तक्रारी अशाच असतात. सर्दी आहे म्हणून परत पाठवलं. कोल्ड स्टोअरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त वेळ ठेवलं. ओव्हरटाइमला थांबवलं, पण पावतीवर सही दिली नाही. ज्या तासाला घडतं त्याच तासाला सुटलं तर सुटलं. पुढे तर असं व्हायला लागलं की बायका बोट कापलं तरी हातमोज्यात लपवायच्या. पगार जाण्यापेक्षा ते बरं वाटायचं. खाणाऱ्याच्या दृष्टीनेही ही गोष्ट किती वाईट, ते वेगळं सांगायला नको.

सध्याच्या कारखान्यात संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता आहे. तो कुणाच्या लाइनवर नाही. शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर असतो, नसेल तेव्हा फोनवर. दोष आहेत त्याच्यातही. आमच्यासारखे आणखी कारखाने त्याच्याकडे आहेत, मोर्चा असला की दिवसभर सापडत नाही, आणि रिटॉर्ट म्हणजे काय हे त्याला आम्हीच दाखवलं. पण वाफेने हात भाजलेल्या एका पोराला घरी पाठवायला निघाले तेव्हा त्याने थेट एचआरला फोन लावला आणि शिफ्ट संपायच्या आत पोराला कार्टनवर काम मिळालं, हजेरी पूर्ण लागली. फोन करायला त्याला कुणाचा रिलीव्हर मागावा लागला नाही. माझ्यासाठी तराजू इथे कलला.

तुमच्याकडे अंतर्गत युनियनचा एक पदाधिकारी कायमचा लाइनमुक्त ठेवायचा, असं करारात लिहून घेता आलं तर माझा हा आक्षेप बराचसा गळून पडतो. काही ठिकाणी तसं मिळतं. पहिल्याच करारात मिळेल याची खात्री मी देणार नाही.

कंत्राटी आणि सीझनची माणसं

परमनंट मूठभर आणि बाकी कंत्राटी किंवा सीझनपुरते, हे चित्र आपल्या धंद्यात सगळीकडे. अंतर्गत युनियन बहुतेक परमनंटांची होते. मुद्दाम नव्हे; वर्गणी त्यांच्याकडून नियमित येते आणि करार त्यांचाच होतो. कंत्राटदार बदलला की कंत्राटी सभासद विखुरतो. मोठ्या संघटनेत तोच माणूस शेजारच्या प्लॉटवर कामाला लागला तरी सभासद राहतो, कारण तिथेही तीच पावती चालते.

कोर्टाचंही तसंच. कामगारांना वर्षानुवर्षं बदली कामगार (गैरहजर माणसाच्या जागी घेतलेले) किंवा तात्पुरते म्हणून ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणं ही १९७१ च्या कायद्यातली अनुचित प्रथा आहे, आणि तक्रारीची मुदत ९० दिवसांची. कंत्राटदाराच्या कामगारांना हा रस्ता सरळ मिळत नाही. खरा मालक कोण यावरच आधी भांडण होतं. असल्या प्रकरणात वकील लागतो आणि दम लागतो. आमच्या अंतर्गत युनियनच्या खात्यात एका मोठ्या प्रकरणापुरतेही पैसे कधी जमले नाहीत.

आकड्यांचा खेळ

१९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी अर्जाआधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून जास्त युनियन असतील तिथे, वाटाघाटी करणारी एकमेव युनियन व्हायला हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार सभासद लागतात. तेवढे कुणाकडेच नसतील तर वाटाघाटी परिषद होते, आणि तिच्यात दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. अर्जाच्या वेळी तुमच्या कारखान्याला काय लागू होतं ते कामगार आयुक्त कार्यालयात विचारून घ्या. पण ५१ टक्के म्हटल्यावर तिन्ही शिफ्टच्या गेटवर पावतीपुस्तक घेऊन उभा राहणारा माणूस हवा. रात्रपाळी करून आलेला कमिटीवाला सकाळच्या गेटवर किती दिवस उभा राहील, याचा हिशेब करा.

तर मग

कारखाना लहान असेल, सगळे परमनंट असतील, एका शिफ्टचं काम असेल, तर अंतर्गत युनियन पुरेल असं मला वाटतं, आणि मागणीपत्र तर नक्कीच जास्त चांगलं निघेल. तीन शिफ्ट, नाशवंत माल, सीझनला दुप्पट माणसं असतील, तर मी बाहेरच्या संघटनेकडे जाईन, मागणीपत्र स्वतः लिहून घेऊन जाईन, आणि कमिटीत ग्रेडिंग-पॅकिंगच्या बायका असतील हे आधी कबूल करून घेईन.

झेंडा कोणता, हे मी सांगत नाही. आयटक, इंटक, हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ, सिटू, प्रत्येकाच्या चांगल्या आणि वाईट शाखा असतात. त्यांच्या माणसाला भेटाल तेव्हा त्याच्याकडे असलेल्या तीन शिफ्टच्या एखाद्या कारखान्याचं नाव विचारा आणि तिथल्या कमिटीला एकटेच जाऊन भेटा. रात्री दोन वाजता काही घडलं तर फोन कोण उचलतं, एवढं त्यांना विचारा.