दादरच्या पालक-बाळ वर्गाचा अनुभव: वाट्यांचा खेळ उत्तम, कार्डांचा अनावश्यक

माझी मुलगी नऊ महिन्यांची असताना दादर पश्चिमेच्या एका बालविकास केंद्रात आम्ही सहा शनिवारांचा पालक-बाळ वर्ग केला. माहितीपत्रकात ‘स्मरणशक्ती आणि आत्मसंयम’ या विषयांवर भर होता. खोली स्वच्छ होती आणि एका वेळी आठच बाळे होती, मात्र लिफ्ट नसल्यामुळे बाळाला कडेवर घेऊन दोन मजले चढावे लागत.

वर्गाचा पहिला अर्धा तास मला अतिशय मोलाचा वाटला. ताईंनी दोन वाट्या उपड्या ठेवल्या, मुलीच्या देखत खुळखुळा डावीकडच्या वाटीखाली तीन-चार वेळा लपवला आणि तिने तो प्रत्येक वेळी काढला. मग तिच्या डोळ्यांसमोरच तो उजवीकडे लपवून त्यांनी तीन सेकंद तिचे हात धरले. हात सोडताच ती पुन्हा डावीकडे वळली. ही चूक बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी टिपली होती. पुढे मेंदूविकासाच्या संशोधक अडेल डायमंड यांनी दाखवले की खेळणे लपवणे आणि शोधणे यांतला जो अवकाश बाळ पेलू शकते, तो साडेसात ते बारा महिन्यांच्या काळात दरमहा सुमारे दोन सेकंदांनी वाढतो, आणि ही वाढ मेंदूच्या कपाळामागच्या भागाच्या परिपक्वतेशी जोडलेली आहे. कधी कधी बाळाची नजर योग्य वाटीवर असते आणि हात मात्र सवयीच्या वाटीकडे जातो, कारण जागा लक्षात ठेवण्याबरोबरच सरावाची हालचाल रोखणेही त्याला जमावे लागते. हे ऐकल्यापासून, आम्ही नको म्हटलेल्या वायरला मुलीने पुन्हा हात लावला, तर घरात कोणी तिला हट्टी म्हणत नाही. आम्ही वायरच उचलून ठेवतो.

दुसऱ्या भागाबद्दल मात्र माझी स्पष्ट नापसंती आहे. तेथे चित्रांची कार्डे भराभर दाखवून स्मरणशक्ती वाढते असे सांगितले गेले आणि घरी मोबाइलवर रोज पाहण्यासाठी एक चित्रफीतही दिली गेली. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्यास सांगते, हे केंद्राला ठाऊक असायला हवे. शिवाय बाळाला स्मरण शिकवावे लागत नाही: कॅरोलिन रोव्ही-कोलिअर यांच्या प्रयोगांत पायाला बांधलेल्या फितीने टांगते खेळणे हलवायला शिकलेल्या तीन महिन्यांच्या बाळांना ते सुमारे आठवडाभर आठवत असे, आणि वय वाढेल तशी ही मुदतही वाढत असे. मी दुसऱ्याच शनिवारी आक्षेप नोंदवला. उत्तर सौजन्याने मिळाले, कार्यक्रम मात्र बदलला नाही.

केवळ पहिल्या भागासाठी कमी शुल्काचा पर्याय ठेवला, तर मी हा वर्ग निःसंकोच सुचवीन. चित्रफीत आम्ही लावलीच नाही. वाट्यांचा खेळ आणि ‘बुवा कूक’ घरी रोज चालू आहेत. आता तिला अकरावा महिना लागला असून पाच सेकंद थांबवले तरी ती योग्य वाटी उचलते, आठ सेकंद थांबवले की हात अजून डावीकडेच जातो.