नार्नियाची पूर्वकथा आधी वाचावी की नंतर?

सी. एस. लुईस यांच्या नार्निया या कल्पित जगावरील मालिकेचा सात पुस्तकांचा संच आज विकत घेतला, तर ज्या पुस्तकावर १ हा आकडा छापलेला असतो ते ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ मुळात सहाव्या क्रमांकाने, १९५५ साली प्रसिद्ध झाले होते. नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या परिसरात राहणारे आम्ही नऊ-दहा वाचक महिन्यातून एका रविवारी एकत्र बसतो आणि ठरवून वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो; गेल्या खेपेस हीच पूर्वकथा निवडली होती. पुस्तक चांगले आहे याविषयी फारसे दुमत झाले नाही. ते कधी वाचावे याविषयी मात्र दोन तास बोलूनही एकमत होऊ शकले नाही, आणि त्या वादातून पुस्तकाचे गुणदोष जितके स्पष्ट झाले तितके ते एकट्याने वाचताना मला जाणवले नव्हते. माझे मत आधीच नोंदवतो: पुस्तक अवश्य घ्यावे, परंतु मालिकेतील प्रथम प्रसिद्ध झालेले ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ वाचून होण्यापूर्वी ते मुलांच्या हाती देऊ नये. पुढे कथेतील काही रहस्ये उघड होणार आहेत, हेही येथेच सांगणे योग्य.

कथेची सुरुवात जुन्या लंडनमध्ये होते. डिगरी नावाच्या मुलाचे वडील दूर हिंदुस्थानात आहेत, आई अंथरुणाला खिळलेली आहे आणि ती वाचेल असे कोणालाच वाटत नाही, म्हणून मायलेक मामा-मावशींच्या घरी राहायला आले आहेत. इंग्रजी नावातील ‘नेफ्यू’ मराठीत आणताना ‘पुतण्या’ म्हणावे की ‘भाचा’, असा प्रश्न आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकांनी उपस्थित केला आणि आडनावांवरून त्याचे उत्तरही शोधून काढले. हा मामाच आहे, आणि भाच्याला संकटात लोटणारा मामा आपल्याला नवा नाही. हा मामा जादूच्या अंगठ्या तयार करतो, त्या स्वतः घालून पाहण्याचे धैर्य त्याच्यात नसते, म्हणून तो शेजारच्या पॉलीला फसवून दुसऱ्या जगात पाठवतो आणि तिला परत आणण्यासाठी डिगरीला तिच्या मागे जावे लागते.

पुस्तकातील सर्वांत समर्थ प्रकरणे येथून पुढची आहेत. दोन जगांच्या मधले ते निःशब्द रान, जिथे प्रत्येक लहानशा तळ्यातून एकेका जगात उतरता येते, आणि त्यानंतर येणारे चार्न हे मृत नगर, यांची बरोबरी करणारे काही मला या मालिकेत अन्यत्र आढळले नाही. चार्नच्या एका दालनात राजे आणि राण्या ओळीने पुतळ्यांसारख्या बसलेल्या आहेत. मुले त्या ओळीच्या कडेने चालू लागतात, तेव्हा सुरुवातीचे चेहरे सुज्ञ आणि दयाळू दिसतात. थोडे पुढे गेल्यावर ते गंभीर होतात, मग करारी, मग क्रूर, आणि त्याहीपुढे क्रूर असूनही हताश. एका राजवंशाचा सारा अधःपात लेखकाने एकाही घटनेचा उल्लेख न करता, केवळ चेहऱ्यांच्या क्रमातून सांगितला आहे. ओळीच्या शेवटी जेडिस ही चेटकीण राणी बसलेली असते. समोरची घंटा वाजवण्याचा मोह डिगरीला आवरत नाही, पॉली अंगठी वापरून निघून जाऊ पाहते तेव्हा तो तिचा हात धरून ठेवतो, आणि घंटेच्या नादाने ती चेटकीण जागी होते. नायकाच्या हातून घडलेली ही चूक लेखकाने कोठेही झाकलेली नाही, आणि पुढचे सगळे पुस्तक त्याच चुकीची भरपाई आहे.

आता वादाकडे वळतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या सर्वांत तरुण सदस्याचे म्हणणे असे, की घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने वाचल्या तर गोंधळ होत नाही, आणि नार्निया गाण्यातून कशी निर्माण झाली हे ठाऊक असलेला वाचक पुढच्या पुस्तकांत त्या भूमीवर अधिक जीव लावतो. या बाजूला खुद्द लेखकाचा आधार आहे. १९५७ साली एका अमेरिकन मुलाने लुईस यांना पत्र लिहिले. आपल्याला कथाक्रमाने वाचायचे आहे, आईला मात्र प्रकाशनाचा क्रम योग्य वाटतो, असे त्याचे म्हणणे होते. लुईस यांनी आपला कल मुलाच्या बाजूने असल्याचे कळवले, मात्र मालिका आधी आखून लिहिलेली नसल्यामुळे क्रमाला कदाचित फारसे महत्त्व नसेल, असेही त्याच उत्तरात म्हटले. नंतरच्या काळात संचांवर कथाक्रमानुसार आकडे छापले जाऊ लागले त्याला हे उत्तर आधारभूत मानले गेले. एका लहान मुलाला प्रेमाने लिहिलेल्या चार ओळींवर एवढा भार टाकणे मला पटत नाही. पहिले पुस्तक लिहून झाल्यानंतर या पूर्वकथेला हात घालून लुईस यांनी ती बाजूला ठेवली होती, आणि सातही पुस्तकांत ती सर्वांत शेवटी पूर्ण झाली, ही वस्तुस्थिती मला त्या पत्राहून अधिक बोलकी वाटते.

माझ्या भाचीचा अनुभव येथे सांगितला पाहिजे. ती अकरा वर्षांची आहे, आणि दुकानदाराच्या सल्ल्यावरून आम्ही तिला १ आकड्याचे पुस्तक प्रथम दिले. पूर्वकथेत जेडिस लंडनमधल्या दिव्याच्या खांबाचा लोखंडी दांडा उपटते, तो नव्या जगात, गाऊन नार्निया निर्माण करणाऱ्या अस्लान या सिंहावर फेकते आणि नुकत्याच जन्मलेल्या त्या मातीत तो दांडा रुजून त्याचा पेटता दिवा उगवतो. भाचीला ही गंमत वाटली, ती हसली आणि पुढे गेली. त्यानंतर तिने मूळ पहिले पुस्तक वाचले. त्यात ल्यूसी नावाची मुलगी कपाटातल्या कोटांमधून वाट काढत बर्फात पाऊल टाकते आणि निर्मनुष्य जंगलाच्या मधोमध एकटाच जळणारा दिवा तिला दिसतो. मला लहानपणी या दिव्यापाशी श्वास रोखून थांबल्याचे आठवते: येथे दिवा कोणी लावला, का लावला? भाचीला मात्र उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे तो प्रश्न पडलाच नाही. तिच्याकडून काय हिरावले गेले हे तिला कधीच कळणार नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे सर्वांत नेमके मांडले ते दिंडोरीकडून येणाऱ्या आमच्या द्राक्ष बागायतदार मित्रांनी. ते म्हणाले, “एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घड उन्हाळ्यातच तयार होतो, पण तो दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. घड पाहिलेल्या माणसालाच उन्हाळ्यात काय झालं हे ऐकायची गोडी लागते. ज्यानं घडच पाहिला नाही, त्याला काडीचं काय सांगणार?”

पंचवटीच्या गावात राहणाऱ्यांना तर हा क्रम परका वाटण्याचे कारणच नाही. रावणाचे कुळ, त्याचे तप, त्याने मिळवलेले वर आणि त्याचे दिग्विजय ही सारी पूर्वकथा वाल्मीकी रामायणात उत्तरकांडात, म्हणजे युद्ध संपून राम अयोध्येला परतल्यानंतर येते. अगस्त्य ऋषी ती सांगतात आणि राम ऐकतो. ज्याच्याशी लढलो तो कोण होता, हे जाणून घेण्याची उत्कंठा लढून झाल्यावरच इतकी खरी असते.

पुस्तकाचे दोषही आहेत. जेडिस लंडनमध्ये येते तेव्हाची धावपळ आणि नंतर बोलक्या प्राण्यांनी मामाला झाड समजून मातीत रोवण्याचा प्रसंग या दोन्ही ठिकाणी विनोद लांबला आहे, आणि निर्मितीच्या त्या गंभीर प्रकरणांना लागूनच तो आल्यामुळे रसभंग होतो. पॉलीवरही अन्याय झाला आहे. पूर्वार्धात डिगरीहून अधिक विवेकी असलेली ही मुलगी उत्तरार्धात केवळ सोबतीण उरते. पॉलिन बेन्स यांची रेखाचित्रे सुंदर आहेत आणि ती असलेलीच आवृत्ती घ्यावी.

सफरचंदाच्या प्रसंगाविषयी मात्र सर्वांचे एकमत होते. दूरच्या बागेतून आणायला सांगितलेले फळ डिगरीच्या हाती आहे, आणि ते चोरून आईला दे, ती बरी होईल, असे चेटकीण त्याला सांगते. लुईस यांची आई १९०८ साली वारली तेव्हा ते अवघ्या नऊ वर्षांचे होते. वयाच्या पन्नाशीनंतर पुस्तकातल्या मुलाला ते आईसाठी फळ मिळवून देतात, परंतु आधी त्याला नकार देण्याची परीक्षा द्यायला लावतात. निवृत्त शिक्षिकांनी हे पान मोठ्याने वाचले, आणि आई आजारी असल्यामुळे दोन महिने बैठकीला येऊ न शकलेल्या आमच्या एका मैत्रिणीने ते पुन्हा वाचायला सांगितले. दुसऱ्या वाचनानंतर कोणी काही बोलले नाही.

धाकट्या भाच्यासाठी या सुट्टीत नवा संच घेतला आहे. सातही पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे घालून छापलेले आकडे झाकले आहेत आणि वरून प्रकाशनाच्या क्रमाने नवे आकडे मी स्वतः घातले आहेत. ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ वर ६ लिहिले आहे.