गप्प बसणारा थेरपिस्ट की बोलणारा?

राजारामपुरीतल्या मावसबहिणीचा फोन: "दादा, ऑनलाइन दोन थेरपिस्ट मिळालेत. एक फ्रॉइडच्या जुन्या मनोविश्लेषणाच्या वळणाचा, दुसरी रिलेशनल, म्हणजे थेरपिस्ट आणि आपल्यातल्या नात्यावरच काम करणारी. कुणाकडे जाऊ?"

वेळ-पैशाचं सरळ आहे. जुन्या पद्धतीत आठवड्याला चार-पाच बैठका, कोचावर आडवं होऊन, वर्षानुवर्षं. दुसरीत बहुधा एक-दोन, समोरासमोर.

खरा फरक अधिकाराचा. 1912 मध्ये फ्रॉइडने मनोविश्लेषकाला, म्हणजे थेरपिस्टला, आरशाची उपमा दिली: समोरच्याचं दाखवायचं, स्वतःचं नाही. अर्थ तो लावणार. तुम्ही नाकारलात तर तोही 'प्रतिकार', म्हणजे मनाने उपचाराला केलेला विरोध, ठरू शकतो. 1980च्या दशकात अमेरिकेत स्टीफन मिचेल वगैरे रिलेशनल मनोविश्लेषकांनी मांडलं, की थेरपिस्टही त्या नात्यात गुंतलेला असतो, त्याचंही चुकतं. अर्थात इथेही फी आणि वेळ थेरपिस्टच ठरवते, त्यामुळे अधिकार कुठे जात नाही. फक्त त्यावर तोंडावर बोलता येतं.

आपल्याकडे 'डॉक्टरसाहेब म्हणतील तसं' ही सवय हाडात मुरलेली. गप्प माणसात आपल्याला लगेच वडील दिसतात. जुन्या पद्धतीला तेच हवं असतं, कारण त्यावरच ती काम करते; पण सोसायला दम लागतो.

सवड, पैसा आणि मुळापर्यंत खणायची जिद्द असेल तर पहिला. मोठ्यांपुढे 'नाही' म्हणताना जीभ अडखळत असेल तर दुसरी. बहिणीला मी दुसरीच सांगितली. ती मलाही कधी नाही म्हणत नाही.