तीन स्वस्त टेबलांचा हायफाय रॅक : आठ महिन्यांनंतर

तीन स्वस्त टेबलं एकावर एक रचून हायफायचा, म्हणजे घरी गाणी ऐकायच्या यंत्रांचा, रॅक करायचा होता. पहिला पाय कापायला घेतला आणि करवत भसकन आत गेली. लाकूड नव्हतंच, बाहेरून पातळ फायबरबोर्ड, आत पोकळी. या जातीचं सगळ्यात गाजलेलं टेबल म्हणजे आयकिया या फर्निचर कंपनीचं लॅक : ५५ बाय ५५ सेंटिमीटर, उंची ४५. माझी तीन टेबलं दुसऱ्या बनावटीची, पण मापं तीच. पाय ५ सेंटिमीटर जाड, म्हणून दोन पायांमध्ये ४५ उरतात, आणि बहुतेक हायफाय उपकरणं ४३ रुंद. जणू बेतूनच केलंय!

उंची मात्र फार होते. खालच्या टेबलाचे पाय बोटभर ठेवले. अ‍ॅम्प्लिफायरच्या मजल्याला २५ सेंटिमीटर (गरम हवा वर जायला जागा हवीच), सीडी प्लेयरला १८. कापलेल्या तोंडांत लाकडी ठोकळे बसवून गोंद भरला. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावायचा कंटाळा केला, तर एक पाय दोन मिलिमीटर आखूड झाला. त्याखाली फेल्टची चकती अजून आहे.

तिसऱ्या महिन्यात रॅक डुलायला लागला. प्रत्येक पाय एकाच स्क्रूवर, वर तीन मजले. दुसरं काय होणार? मागच्या बाजूला फुलीत दोन पट्ट्या मारल्या. फळीच्या मध्यात स्क्रू धरत नाही, तिथे नुसती कागदाची जाळी असते. कोपऱ्यातल्या भरीव भागातच मारावा. डुलणं थांबलं.

सगळ्यात वर ठेवलेल्या टर्नटेबलचं (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) दुखणं मात्र राहिलं. कोणी शेजारून चाललं की सुई उडायची. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) मिळून १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दहा कंपनांच्या, आसपास कंप पावतात. पावलांचे धक्केही तसलेच मंद, आणि हलका रॅक ते सरळ वर पोचवतो. रबराचे पाय लावून पाहिले, फरक नाही. शेवटी टर्नटेबल भिंतीत पक्क्या केलेल्या फळीवर गेला, तेव्हा कुठे सुटलो.

१४ किलोच्या अ‍ॅम्प्लिफायरखाली फळी किंचित दबलीय, म्हणून वर १८ मिलिमीटरचा प्लायवूड टाकलाय. रॅकमुळे आवाज खुलला असं कोणी म्हटलं, की मी मान डोलावतो आणि विषय बदलतो. मागून मोकळा असल्यामुळे विजेच्या वायरी एका पायाला आणि सिग्नलच्या दुसऱ्या पायाला बांधता आल्या, त्याने स्पीकरमधली गुणगुण थोडी कमी झाली, एवढं खरं.

वरची फळी आता रिकामी आहे. तिथे रेकॉर्ड उभ्या केल्या होत्या. कव्हरासकट एक एलपी (मोठी रेकॉर्ड) पाव किलोच्या आसपास, म्हणजे शंभर झाल्या की २५ किलो. आठवड्याभरात उतरवल्या.