अल्फा की पुनर्चाचणी?

पायलट, म्हणजे छोटी आधीची पाहणी, उरकलाय, प्रश्नावली विश्वसनीय आहे हे दाखवायचंय आणि वेळ थोडा आहे, अशा वेळी बहुतेकजण क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढून मोकळे होतात. १९५१ पासून तो रूढ आहे, एकाच फेरीत निघतो आणि ०.७० ओलांडला की गाईडही पुढे काही विचारत नाहीत. दुसरा मार्ग पुनर्चाचणीचा: त्याच माणसांना काही दिवसांनी तेच प्रश्न. मी दोन्ही वापरलेत.

अल्फाबद्दल माझी कुरकुर एकच. प्रश्न वाढवले की तो वाढतो. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध ०.३ धरा: ५ प्रश्नांना अल्फा येतो ०.६८, तशाच १० प्रश्नांना ०.८१. सुधारलेला एकही प्रश्न नाही! मग आकडा कमी पडला की टीममधलं कुणीतरी म्हणतंच, "अजून दोन-तीन टाकू या." पुनर्विकासाच्या पाहणीसाठी लालबागच्या चाळीत फिरताना हे फार जाणवलं. बिल्डरवर विश्वास आहे, बिल्डर शब्द पाळेल, बिल्डर दिलेलं वचन मोडणार नाही... तिसऱ्याला आजी म्हणाल्या, "अरे, हे आत्ताच विचारलंस ना?" आणि पुढच्या सगळ्याला त्यांनी 'सहमत' म्हणून टाकलं. वैतागून दिलेली अशी एकसारखी उत्तरंही अल्फाला गोडच लागतात. ओमेगा (अल्फासारखाच दुसरा आकडा) वापरा, असं सांगणारे भेटतील. सगळे प्रश्न सारख्याच वजनाचे असावेत ही अल्फाची अट त्यात नाही, हे खरं. पण एकाच प्रश्नाच्या नकला केल्या तर तोही फुगतो.

पुनर्चाचणी दगदगीची, नाही कोण म्हणतो? दादर स्टेशनवर गाठलेला प्रवासी पुन्हा कुठला सापडायला! त्यात लोकलबद्दल विचारताय आणि मध्येच रुळांवर पाणी भरलं, तर मत बदलणारच. दोन दिवसांतच परत गेलात तर लोक आधीची उत्तरं आठवून सांगतात. साधारण दोन आठवडे बरे. फिरत्या लोकांची पाहणी असेल तर अल्फा घ्या, जमल्यास ओमेगा, माझी हरकत नाही. पण चाळ, सोसायटी, कॉलेजचा वर्ग अशी माणसं जागेवर सापडणार असतील, तर थोडक्यांची का होईना, मी दुसरी फेरी करेन. गाईडसाठी अल्फाही जोडता येतोच.

मात्र दोन फेऱ्या नुसत्या पिअर्सनच्या सहसंबंधाने ताडू नका. दुसऱ्या वेळी प्रत्येकाने बरोबर एकेक गुण जास्त दिला तरी तो १ च दाखवतो. आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन, हाही सहसंबंधाचाच एक आकडा) काढा, तोही उत्तरांची पूर्ण जुळणी तपासणारा.