जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरचं कूलिंग बदललं: रब्बीची मळणी आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

वडिलांनी घेतलेला महिंद्रा बी-२७५ अजून आमच्या बार्शीकडच्या रानात कामाला आहे. चार सिलिंडर, ३५ एचपीच्या आसपास. मूळ आराखडा इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा, इंग्लंडातला. १९६३ मध्ये भागीदारीतली कंपनी निघाली आणि कांदिवलीला हे ट्रॅक्टर तयार व्हायला लागले. ट्रॅक्टर दणकट आहे, पण वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी पोटात गेलं की कुठल्याही इंजिनाचं जे होतं तेच याचं झालं होतं. नळ्यांत क्षार बसलेला, हरभऱ्याची मळणी सुरू केली की अर्ध्या तासात इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरची टाकी उकळायची. दिवाळीनंतर कूलिंगचं काम काढलं आणि मुद्दाम टप्प्याटप्प्यानं केलं. एकदम सगळं बदललं असतं तर कशाचा किती फरक पडला ते कळलंच नसतं.

काम सुरू करण्याआधी गार इंजिनावर टाकीचं झाकण उघडून चालू करून बघा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर दुखणं हेड गॅसकेटचं, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्या मधल्या सीलचं आहे, नवी जाळी (रेडिएटर) घालून काही होणार नाही. आणि काट्याचा साधा, तारेचा टेम्परेचर मीटर आधी बसवा. पुढचे सगळे आकडे त्याच मीटरवरचे आहेत.

पहिल्यांदा जाळी. ॲल्युमिनियमची स्वस्तात मिळत होती, पण तांबं-पितळेचीच घेतली, कारण गळती लागली तर बार्शीत कुणीही डाग मारून देतो. नळ्यांच्या तीन ओळींच्या जागी चार ओळींची बसवली. त्याच टप्प्यात ब्लॉकमधून लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून क्षार काढला. बाहेर आलेलं पाणी तांबड्या मातीच्या चहासारखं होतं. नंतर स्वच्छ पाण्यानं भरपूर धुतलं, आम्ल आत राहून चालत नाही. एवढ्यानं उकळणं थांबलं, पण मळणीला काटा ९८ अंशांच्या खाली येईना. खर्च सर्वात जास्त याच टप्प्यावर झाला, त्या मानानं समाधान अर्धंच.

खरी करामत केली ती पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या कड्यानं, म्हणजे श्राउडनं. आमच्या ट्रॅक्टरला ते नव्हतंच. कडं नसलं की पंखा जाळीच्या मधल्या गोल भागातूनच हवा ओढतो आणि पात्यांच्या टोकांपाशी इंजिनाची गरम हवाच पुन्हा पुन्हा घुसळत राहतो. चारी कोपरे मेलेले. पुढून कोपऱ्यावर कागद धरला तर तो आधी सरळ खाली पडायचा, आता जाळीला चिकटून बसतो. गावातल्या फॅब्रिकेटरकडून पत्रा वाकवून घेतला. पात्याचं टोक आणि कडं यांत साधारण इंचभर फट, आणि पात्याची निम्मी रुंदी कड्याच्या आत, निम्मी बाहेर. फट याहून कमी ठेवू नका, इंजिन हलतं तेव्हा पातं पत्र्याला घासतं. हे बसवल्यावर त्याच मळणी यंत्रावर काटा ९० च्या आतबाहेर राहायला लागला. जाळीच्या बिलाच्या पाव भागातही हे काम होतं, म्हणून माझं स्पष्ट मत असं की आधी कडं करा, मग जाळीचा विचार करा.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी जाळीकडे जाऊ न देणारी झडप. आपल्याकडे ट्रॅक्टर गरम झाला की मिस्त्री पहिल्यांदा हाच काढून फेकतो. आमचाही कुणीतरी केव्हाच काढलेला. ८२ अंशाला उघडणारा नवा घातला. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते पाहिलं. यानं उन्हाळ्यातला काटा खाली येत नाही, ती अपेक्षाच चुकीची. फरक हिवाळ्यात दिसला. आधी पहाटे पाणी द्यायला जाताना ट्रॅक्टर किती चालवला तरी काटा साठीच्या पुढे जात नसे आणि धूर पांढरा. आता थोड्याच वेळात इंजिन अंगात येतं, धूर जातो. डिझेलही थोडं कमी लागतंय असं वाटतं, पण मोजून पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यावर पैज लावणार नाही.

टाकीचं झाकण आणि कूलंट (पाण्यात मिसळायचं तयार द्रावण) यांबद्दल बराच गैरसमज आहे. ७ पीएसआय दाब धरणाऱ्या झाकणानं पाणी थंड होत नाही, फक्त ते ११० च्या पुढे जाऊन उकळतं. जुनी टाकी तशीच ठेवून जास्त दाबाचं झाकण लावलं तर सांधे सुटतात. कूलंट तर उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्यापेक्षा जरा कमीच. तरी घातलं ते गंज आणि क्षारासाठी. सोलापूर जिल्ह्यात पाणी गोठायची भीती नाही, म्हणून तिसरा हिस्सा कूलंट आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी पूर्ण बंद.

मे महिन्यात ४२-४३ अंशांत रोटावेटर मारताना काटा ९५ पर्यंत गेला, तिथंच थांबला.

तक्रारी आहेतच. चार ओळींच्या जाळीत भुसा अडकला की लवकर निघत नाही. रोज संध्याकाळी इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला, कमी दाबानं हवा मारावी लागते; जोरात मारली की जाळीचे पातळ पत्र्याचे पंख दुमडतात. पुढं मच्छरदाणीची जाळी बांधली आहे, पण ती तासाला झाडली नाही तर तीच हवा अडवते. मळणीला ट्रॅक्टरचं तोंड वाऱ्याकडे ठेवलं की भुसा मागे उडतो, हा उपाय फुकटचा आणि सर्वात चांगला. वरचा होज पाईपही नव्या टाकीला थोडा ताणला गेला होता, तो लांब घ्यावा लागला.

इलेक्ट्रिक पंखा लावू का, असं दोघा-तिघांनी विचारलं. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो असेल तर लावू नका. तासन्‌तास चालणाऱ्या मळणीत बॅटरी उतरेल, पंखा मंदावेल आणि ट्रॅक्टर पुन्हा उकळेल. पट्ट्यावरचा पंखा ताण नीट ठेवून चालवा, पाती वाकलेली असतील तर तेवढी बदला.