पर्सनल कोचिंग: थेरपीच्या जागी घेऊ नये अशी चांगली सेवा

नोकरी बदलायची आहे, निर्णय अडलाय, ठरवलेलं तडीस जात नाही, अशा वेळी कोचिंगचे पैसे वसूल होतात. साधारण पंधरवड्याला ४५ ते ६० मिनिटांचं सत्र असतं. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि पुढचं पाऊल या क्रमाने बोलणं होतं आणि शेवटी तारखेसकट काम ठरतं. पुढचं सत्र त्याच कामाच्या हिशेबाने सुरू झालं नाही, तर कोच कच्चा समजावा.

थेरपिस्ट आधी लक्षणं तपासतो. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर सखोल तपासणी हवी. कोचला निदानाचा अधिकार नाही. घोळ इथेच होतो: झोप उडालेल्या, खचलेल्या माणसाला कोच नवं ध्येय देतो, ते हुकतं आणि अपराधी भावना वाढते. आत्महत्येचे विचार असतील तर कोच नकोच, थेट डॉक्टर गाठा.

‘कोच’ ही पदवी बहुतेक ठिकाणी कायद्याने राखीव नाही, म्हणून प्रशिक्षणाचे तास विचारा. ‘तुम्ही कुणाला थेरपिस्टकडे पाठवता?’ याचं नेमकं उत्तर न देणाऱ्याला आगाऊ पॅकेजचे पैसे देऊ नका.